टॉलीगंजच्या ट्रामसाठी: कोलकात्यातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

कोलकात्यातल्या सर्व मराठी बंधुभगिनींना,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपण काही जण एका घरी जमलो होतो. जेवणं झाल्यावर मी कोलकात्यातली ट्राम बंद होते आहे हा विषय काढला आणि ती चालू ठेवा म्हणून परिवहन खात्याला पाठवायच्या निवेदनावर सह्या मागितल्या. एक ज्येष्ठ गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाले, "वहिनी, हा त्यांचा प्रश्न आहे. आपण इथे पाहुणे. पाहुण्यांनी यजमानांच्या घरातल्या सामानाविषयी बोलू नये." कुणीच काही बोललं नाही. मीही कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

घरी आल्यावर झोप लागेना. १९९० साली लग्नानंतर मी या गावात आले. माझी दोन्ही मुलं इथे जन्मली, शिकली. इथल्याच मतदारयादीत माझं नाव आहे. पस्तीस वर्षं झाली तरी मी पाहुणीच का? त्या रात्री जे बोलायचं राहून गेलं ते आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझं माहेर नायगावचं, दादर टी. टी.पासून चालत दहा मिनिटांवर. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आपल्यातल्या तरुण मुलांना सांगावं लागतं. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली, आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली. मी जन्मले त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे मी मुंबईच्या ट्राममध्ये कधीच बसले नाही, तरी माझ्या घराचा पत्ता सांगताना आयुष्यभर ट्रामचं नाव घेत आले. बाबा त्या रात्री रस्त्यावर उभे होते. गर्दी खूप होती, लोक ट्रामला हात लावत होते, असं ते सांगायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, तुम्ही कुणी काही म्हटलं नाही का? अर्ज, मोर्चा, काहीच नाही?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्हाला वाटलं, बस आहेच की." गिरणगावातला माणूस होता तो, मोर्चे त्याला नवे नव्हते. पण ट्रामसाठी आपणही काही बोलायचं असतं हे सुचलंच नाही, याची रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती.

कोलकात्यात पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने मला टॉलीगंज डेपोवरून ट्राममध्ये बसवलं. पायाखालच्या घंटेचा तो ठण ठण आवाज, छताचे पंखे, पुढच्या डब्याचं तिकीट थोडं जास्त आणि मागच्याचं थोडं कमी, खिडकीबाहेर हळूहळू सरकणारी दुकानं. मी बाबांना पत्र लिहिलं: तुमची ट्राम इथे आहे. पुढच्या हिवाळ्यात ते आले. आठ दिवस राहिले आणि रोज दुपारी एकटेच ट्रामने हिंडले.

आता टॉलीगंजविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण 'पाहुणे' या शब्दाला माझं उत्तर त्या वस्तीच्या इतिहासातच आहे.

हे गाव मुळात रसापगला नावाचं खेडं. काली मंदिराच्या शेजारून जाणारी आदिगंगा गाळाने भरली होती. विल्यम टॉली नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १७७५ ते १७७७ या काळात ती उपसून नावांसाठी खुली केली, जाणाऱ्या-येणाऱ्या नावांवर कर बसवला आणि काठावर बाजार वसवला. त्याच्या नावाने नाला झाला टॉली नाला आणि गावाचं झालं टॉलीगंज. पुढे १८०६ साली वेल्लोरला शिपायांचं बंड झालं आणि इंग्रजांनी टिपू सुलतानाच्या कुटुंबाला दक्षिणेतून उचलून इथे आणून ठेवलं. आपण ज्या प्रिन्स अन्वर शाह रोडवर खरेदीला जातो, ते नाव त्याच घराण्यातलं. टॉलीगंज क्लबची मुख्य इमारतही एके काळी म्हैसूरच्या या कुटुंबाकडे होती. टिपूचा मुलगा गुलाम महंमद याने दोन मशिदी बांधल्या, एक धर्मतल्याला, म्हणजे एस्प्लनेडजवळ, आणि दुसरी टॉलीगंजला. साठेक वर्षांनी ट्राम आली आणि तिच्या दोन टोकांना या दोन मशिदी आल्या. पाहुण्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगते, हे दोघे, टॉली आणि गुलाम महंमद, दोघेही बाहेरचेच.

कोलकात्यात विजेची ट्राम २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर अशी सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ती कालीघाटला पोहोचली आणि लवकरच पुढे टॉलीगंजला. तेव्हा टॉलीगंज शहरात नव्हतं, उपनगर होतं. १९५३ सालापर्यंत त्याची नगरपालिकाही वेगळी होती. शहरातली कचेरी आणि उपनगरातलं घर यांना बांधणारी एकच दोरी होती, ती म्हणजे रसा रोडवरची ट्राम. आज त्या रस्त्याच्या तुकड्यांना वेगवेगळी नावं आहेत, दक्षिणेकडचा देशप्राण शासमल रोड, वरचा श्यामाप्रसाद मुखर्जी रोड, पण म्हातारी माणसं अजून रसा रोडच म्हणतात.

पुढे कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दक्षिण कोलकात्याची आखणी केली. तळं खणलं, त्याला आज आपण रवींद्र सरोवर म्हणतो, आणि रासबिहारी अ‍ॅव्हेन्यू काढला. त्या रुंद रस्त्याच्या मधोमध ट्रामसाठी वेगळा, गवत असलेला पट्टा ठेवला. दादरच्या माणसाला यात ओळखीचं काहीतरी दिसायला हवं. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा, रुंद रस्ते आणि त्या वस्तीला शहराशी जोडणारी ट्राम. दोन शहरांनी एकाच पद्धतीने आपली उपनगरं उभी केली. फरक एवढाच की एका ठिकाणी ट्राम जाऊन फक्त नाव उरलं. दुसऱ्या ठिकाणी नाव आणि ट्राम दोन्ही राहिली होती.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून माणसं आली. जादवपूरच्या बाजूला महायुद्धातल्या लष्करी बराकी रिकाम्या पडल्या होत्या, तिथे विजयगढ वसलं. मग आजादगढ, नेताजीनगर. रातोरात बांबू रोवायचे, चटया लावायच्या, पोलिस आले की बायकांनी पुढे व्हायचं. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी त्या काळातल्या आपल्या सासूची गोष्ट सांगायच्या: ढाक्याजवळच्या गावातलं पक्कं घर सोडून आलेली बाई इथे चटईच्या भिंतीला आतून शेण सारवत बसायची, पण दारात तुळस लावायला विसरली नाही. या वसाहतींतली माणसं सकाळी टॉलीगंजला चालत यायची आणि ट्राम धरून शहरात कामाला जायची. दुसऱ्या वर्गाचं भाडं त्यांच्या हिशेबात होतं. म्हणून १९५३च्या जुलैमध्ये लंडनच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवलं तेव्हा सगळं शहर पेटलं. ट्रामगाड्या जळल्या. एका पैशासाठी! शेवटी कंपनीला माघार घ्यावी लागली. ज्या गाडीच्या एका पैशासाठी माणसं रस्त्यावर उतरली ती गाडीच आता रस्त्यावरून कायमची नाहीशी होते आहे, आणि सह्यांचा एक कागद भरत नाही.

आता फुटबॉल. फुटबॉलशिवाय टॉलीगंजची ट्राम सांगताच येत नाही.

आपल्याला मराठी माणसाला क्रिकेट कळतं, कुस्ती कळते, कोल्हापूरकरांना फुटबॉलही कळतो. पण बंगाली माणसाचा फुटबॉल मला इथे येऊन कळला. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या मुलांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात २-१ असं हरवलं. त्या संघात एकच जण बूट घालून खेळला, बाकी सगळे अनवाणी. ईस्ट बंगाल क्लब १९२० सालचा. फाळणीनंतर तो निर्वासितांचा क्लब झाला. गमावलेल्या गावाच्या जागी त्यांनी या लाल-पिवळ्या जर्सीला धरलं. सामना जिंकला की ईस्ट बंगालवाल्याच्या घरी इलिश मासा, मोहन बागानवाल्याच्या घरी चिंगरी, म्हणजे कोळंबी. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांत ही वाटणी होती, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या स्वयंपाकघरातून मोहरीचा वास येतो त्यावरून मला निकाल कळायचा.

बाबांना हे सगळं माझ्या आधी माहीत होतं. ते मुंबईतला फुटबॉलचा रोव्हर्स कप बघणारे. ट्रामने म्युझियमला उतरायचं आणि कूपरेजपर्यंत चालत जायचं. १९४९ साली ईस्ट बंगालने रोव्हर्स जिंकला. त्या संघाच्या पाच आघाडीवीरांना लोक पंचपांडव म्हणत: वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. बाबा ही नावं श्लोकासारखी म्हणायचे. आता नावं नीट पाहा. पाचांतला एकही बंगाली नाही, सगळे दक्षिणेकडचे. पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या माणसांनी आपल्या मानाची मशाल ज्यांच्या हाती दिली ते पाचही जण परप्रांतातून आले होते. त्यांना कुणी पाहुणे म्हटलं नाही, आणि तेही पाहुण्यासारखे खेळले नाहीत.

मोठे क्लब मैदानावर, म्हणजे शहराच्या मधल्या मोठ्या मोकळ्या माळावर, आहेत. त्यांच्या जागेला इथे आजही टेंट म्हणतात. पण फुटबॉल तयार होतो तो पाड्यातल्या, म्हणजे वस्तीवस्तीतल्या, क्लबांत. आपल्या टॉलीगंजचा मोठा क्लब म्हणजे टॉलीगंज अग्रगामी. त्याचं मूळ नाव रसा अग्रगामी, म्हणजे गावाचं जुनं नाव क्लबाने जपलं होतं. अग्रगामी शब्द आपल्याला समजावून सांगायला नको. उपनगरातला हा क्लब कोलकाता लीगच्या वरच्या गटात गेला आणि राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्येही खेळला. १८९८ साली सुरू झालेली कोलकाता लीग ही आशियातली सर्वांत जुनी. भवानीपूर, कालीघाट, खिदिरपूर, आर्यन ही तिच्यातल्या क्लबांची नावं. यातली पहिली तीन नावं मी आधी ट्रामच्या पाटीवर वाचली आणि मग पेपरातल्या गुणतक्त्यात.

माझा मोठा मुलगा दहाव्या वर्षी पाड्यातल्या क्लबात जाऊ लागला. पत्र्याची खोली, कोपऱ्यात कालीचा फोटो, काचेच्या कपाटात शील्डं, बाहेर कॅरमबोर्ड. तिथले दादा पहाटे पोरांना रवींद्र सरोवराकडे पळायला न्यायचे. मी दिलेल्या दुधाच्या बाटलीवर हसायचे आणि भिजवलेले चणे द्यायचे. मुलगा बरा खेळायचा, उत्तम नाही. पण तिथे त्याने पाहिलं की बजबज लाइनच्या लोकलने दक्षिण चोवीस परगण्याची मुलं टॉलीगंज स्टेशनावर उतरतात, पाठीला पिशवी, पिशवीत एकच बूट-जोड, आणि तिथून ट्रामने सामन्याला जातात. कित्येक जण खेप खेळायचे. खेप म्हणजे आज या क्लबासाठी, उद्या त्या गावासाठी, ठरलेल्या पैशांवर एक सामना खेळून येणं. रात्रीच्या सामन्याचे दोनशे रुपये मिळाले तर त्यातून जायचं-यायचं भाडं वजा करून घरी किती जातात हा हिशेब त्या मुलांच्या तोंडावर असे. ट्रामचं तिकीट त्या हिशेबात बसायचं. चिखलाचे पाय, भिजलेली पिशवी, मोठ्याने चाललेला वाद, यांपैकी कशाचीच मागच्या डब्यात कुणाला अडचण नव्हती. रात्री उशिरा एखादा कंडक्टर पोराला म्हणे, "जिंकलास का? मग तिकीट काढ. हरलास तर झोप."

त्या वेळी टॉलीगंजहून २९ नंबरची ट्राम हाजरा, अलीपूर, खिदिरपूर असा मोठा वळसा घालून मैदानातून एस्प्लनेडला जायची. खिदिरपूर सोडलं की दोन्ही बाजूंना गवत, झाडं, आणि पुढे एकामागून एक क्लबांचे टेंट. पावसाळ्यात लीगचे दिवस असत आणि ट्रामच्या खिडकीतूनच अर्धा सामना दिसे. बाबांना तो प्रवास फार आवडला. मी हाजऱ्याला चढायचे तेव्हा महाराष्ट्र निवास जवळ आहे म्हणून घरचं वाटायचं. गणपतीत तिथून आरती आटोपून प्रसादाचा पुडा हातात घेऊन ट्राममध्ये बसलं, की शेजारची बाई विचारायची, "ओटा की, दीदी?" आणि मोदकाचा अर्धा तुकडा तिच्या हातावर जायचा.

मेट्रो इथे १९८४ साली आली, १९८६च्या एप्रिलमध्ये टॉलीगंजला पोहोचली. मेट्रोविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, मी रोज तिनेच जाते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. मेट्रो खणली जात असतानाच, १९८५ आणि १९८६ साली, या शहराने नव्या ट्रामलाइनी टाकल्या होत्या. म्हणजे एक आली की दुसरी गेलीच पाहिजे, असा नियम तेव्हा कुणी मानला नव्हता. मग हळूहळू आटत गेलं. १९९३ साली हावडा पुलावरून ट्राम बंद झाली. रासबिहारीवरचा गवताचा पट्टा काँक्रीटचा झाला, त्यावर बस आणि मोटारी चढल्या, आणि त्यानंतर ट्राम वाहतुकीला अडथळा ठरू लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी तिची वेगळी वाट काढून घेतली, मग वाटेत येते म्हणून तिलाच दोष दिला. डेपोंच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचे निर्णय झाले, त्यात टॉलीगंजचंही नाव होतं. २०२० साली अम्फान वादळाने तारा तोडल्या, मैदानातली खिदिरपूरची लाइन बंद पडली ती पडलीच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कोलकात्याच्या ट्रामला १५० वर्षं झाली. सजवलेल्या गाड्या निघाल्या, भाषणं झाली. तेव्हा चालू मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. त्यांतला एक आपला, टॉलीगंज ते बालीगंज. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं की एस्प्लनेड ते मैदान एवढी एक वारसा म्हणून फेरी ठेवायची आणि बाकी ट्राम बंद करायची. कारण दिलं ते असं की शहराच्या क्षेत्रफळात रस्ते फक्त सहा टक्के आणि ट्राम हळू चालते.

त्या कारणांना मी उडवून लावणार नाही. रस्ते खरंच अपुरे आहेत. गरियाहाटच्या चौकात संध्याकाळी मीही वैतागते. पण सहाच टक्के रस्ता असेल तर त्यावर कुणाला आधी जागा द्यायची हा प्रश्न आहे. एका मोटारीत एक माणूस जातो. त्याच जागेत, धूर न सोडता, ट्रामचे दोन डबे भरून माणसं जातात. आणि ट्राम हळू आहे म्हणतात, तर माझ्या वयाच्या बायकांना विचारा. पायरी खाली आहे, धक्का नाही, जिन्याचे शंभर टप्पे नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सहा महिने मी फक्त ट्रामनेच बाजारात जाऊ शकत होते. चारू मार्केटला उतरायचं, भाजी घ्यायची, पुढची ट्राम येईपर्यंत थांब्यावर ओळखीच्या बायकांशी बोलायचं. ट्रामने दुःखही दिलं आहे, ते लपवणार नाही. १९५४च्या ऑक्टोबरमध्ये देशप्रिय पार्कजवळ ट्रामची धडक बसून बंगालीतले एक थोर कवी गेले. लोक अजून ती जागा दाखवतात. पण त्या रस्त्यावर आज जे अपघात होतात ते ट्राममुळे होत नाहीत, हे आपण सगळे जाणतो.

माझा खरा विरोध आहे तो 'वारसा फेरी' या कल्पनेला. मैदानात एक गोल चक्कर मारणारी गाडी पाहायला आपल्या मुंबईच्या नातेवाइकांना नेता येईल, फोटोही चांगले येतील. पण त्या गाडीतून कुणी कामाला जाणार नाही. बजबज लोकलने आलेला मुलगा तिच्यातून सामन्याला जाणार नाही. विजयगढची म्हातारी तिच्यातून मुलीकडे जाणार नाही. टॉलीगंज, चारू मार्केट, रासबिहारी, देशप्रिय पार्क, गरियाहाट, बालीगंज हे थांबे आहेत म्हणून ती ट्राम आहे. क्लबाचं तसंच आहे. काचेच्या कपाटातली शील्डं म्हणजे क्लब नाही. पहाटे पाच वाजता कुणीतरी शिट्टी वाजवतो आणि वीस पोरं येतात, तो क्लब. आणि ती पोरं लांबून, स्वस्तात येऊ शकली पाहिजेत.

उच्च न्यायालयात यावर जनहित याचिका चालू आहे. न्यायालयाच्या सांगण्यावरून तज्ज्ञ आणि नागरिकांची समिती नेमली गेली आणि रुळांवर डांबर ओतू नका असंही न्यायालयाने बजावलं. म्हणजे दार अजून बंद झालेलं नाही. ट्रामसाठी झटणारे बंगाली तरुण आहेत, निवृत्त ट्राम कामगार आहेत, आणि १९९६पासून मेलबर्नचे ट्रामवाले या शहराशी मैत्री राखून आहेत. ऑस्ट्रेलियातला कंडक्टर इथे येऊन आपल्या ट्रामसाठी बोलतो आणि हाजऱ्यावर राहणारा मराठी माणूस म्हणतो, मी पाहुणा!

आणखी एक गोष्ट आपण बहुधा मुलांना सांगत नाही. बंगालमध्ये आपली सर्वांत जुनी ओळख बर्गी ही आहे. १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा इथे आल्या. गावं लुटली, जाळली. आजही इथली आई बाळाला झोपवताना बर्गी आल्याचं गाणं म्हणते. माझ्या सुनेने माझ्या नातवाला ते म्हटलं तेव्हा तिला अर्ध्यात अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, म्हण, खरंच आहे ते. आपल्या भीतीने १७४२ साली कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. तो पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला आणि त्या रस्त्यावरून कित्येक वर्षं ट्राम धावली. आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी खणलेली जागा या लोकांनी सर्वांच्या येण्याजाण्याची वाट केली, आणि त्या वाटेने आपणही घर करायला आलो. या शहराचं आपण काही देणं लागतो असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मागणी करते.

परिवहन खात्याला द्यायचं निवेदन तयार आहे. मजकूर बंगालीत आहे, सोबत मराठी भाषांतर जोडलं आहे. मागण्या तीनच. टॉलीगंज–बालीगंज मार्ग रोजच्या प्रवासासाठी नियमित चालवावा. रासबिहारीवर ट्रामला पुन्हा तिची स्वतंत्र वाट द्यावी. टॉलीगंज डेपोची जी जागा उरली आहे ती ट्रामसाठीच राहावी. मी माझ्या मनाने चौथी ओळ हाताने लिहिली आहे: पाड्यांतल्या नोंदणीकृत क्लबांच्या अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना ट्रामचं तिकीट माफ असावं. ती काढायची असेल तर काढा, पण आधी एखाद्या पावसाळी दुपारी लीगचा सामना बघा आणि मग ठरवा.

ज्यांच्याकडे जुने फोटो, पास, तिकिटं असतील त्यांनी ती द्या. साठ-सत्तरच्या दशकांत इथे नोकरीला आलेल्या काका-काकूंनी आपल्या आठवणी सांगा, मी लिहून घेईन. कुणाकडे २९ नंबरची पाटी दिसणारा एक फोटो जरी असेल तरी फार मोठी गोष्ट होईल. तो मला कुठेच मिळालेला नाही. आणि ज्यांची मुलं दिवसभर मोबाइलवर असतात, त्यांनी त्यांना जवळच्या क्लबात नेऊन सोडा. तिथले दादा जात-भाषा विचारत नाहीत, उजवा पाय की डावा एवढंच विचारतात.

त्या दिवशी ज्या ज्येष्ठांनी मला थांबवलं त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. ते भल्या भावनेने बोलले. पण काका, तुमच्या सहीशिवाय हा कागद पाठवायचा नाही असं मी ठरवलं आहे, कारण तुम्ही या शहरात माझ्याही वीस वर्षं आधी आलात. पुढच्या रविवारी सकाळी आठ ते दहा मी टॉलीगंज डेपोच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीपाशी बसेन. पेन मी आणेन. बंगालीत सही येत नसेल तर मराठीत करा, चालते, मी विचारून ठेवलं आहे.

आपली,
टॉलीगंजची एक रहिवासी, माहेर दादर टी. टी.